सशाचं पिल्लू घरी आणताय? पहिले काही दिवस त्याच्या वाटेला जाऊ नका

सशाचं पिल्लू घरी आलं की सगळ्यांना एकदमच उमाळा येतो, कोणाला उचलून मांडीवर घ्यायचं असतं, कोणाला गाजर भरवायचं असतं, कोणाला व्हिडिओ काढायचा असतो आणि एखादा तर शाम्पूची बाटली घेऊनच उभा असतो. आधीच सांगून टाकते, यातलं काहीच पहिल्या आठवड्यात करायचं नाहीये, आणि आंघोळ तर कधीच नाही. नवीन पिल्लाला पहिल्या दिवसांत तीनच गोष्टी लागतात, शांतता, लपायला जागा आणि आधी जे खात होतं तेच खाणं. बाकी सगळं नंतर.

कुत्रा-मांजर शिकार करणारे प्राणी आणि ससा शिकार होणारा, एवढा एक फरक डोक्यात पक्का बसवा म्हणजे बाकीचं बरंचसं आपोआप कळत जातं. वरून येणारा हात बघून ते का दचकतं, उचललं की पाय का झाडतं, पोटात दुखत असलं तरी काही झालंच नाही अशा थाटात का बसून राहतं, कारण दुबळा दिसला की आधी तोच उचलला जाणार हे त्याच्या रक्तातच आहे. त्यामुळे 'आमचं पिल्लू अगदी शांत आहे हो, हलतसुद्धा नाही' असं कोणी कौतुकाने सांगितलं की मला जरा धाकधूकच होते, कारण न हलणारं पिल्लू बऱ्याचदा शांत नसतं, घाबरून थिजलेलं असतं.

वय आधी विचारा

पिल्लू आईजवळ निदान 8 आठवडे तरी राहायला हवं. डोळे उघडतात जन्मानंतर साधारण 10-12 दिवसांनी, तिसऱ्या आठवड्यात ते गवताला तोंड लावायला लागतं आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात दिसायला पूर्ण ससा होतं, अगदी छोटुसा, मुठीत मावेल असा, आणि नेमकी तेव्हाच विकणाऱ्यांना घाई होते कारण त्या वयात ते सगळ्यात गोंडस दिसतं. पण पोट अजून तयार नसतं. आईचं दूध सुटून गवत-पाल्यावर जायचा जो काळ आहे ना तो सशाच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक काळ, आतड्यात चांगले जिवाणू नुकते कुठे स्थिरावत असतात, त्यात आई सुटली, जागा बदलली, खाणं बदललं, सगळं एकाच दिवशी झालं की जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब एका दिवसातसुद्धा भारी पडू शकतात.

म्हणून घ्यायच्या आधी वय विचारा, शक्य असेल तर आई आणि भावंडं बघा, पिल्लाचा मागचा भाग कोरडा आणि स्वच्छ आहे का ते बघा, डोळ्या-नाकातून पाणी येतंय का ते बघा. नाकातून पाणी येत असलं की ससा पुढच्या पंजांनी ते पुसत राहतो, त्यामुळे पुढच्या पायांच्या आतल्या बाजूची लव चिकट, गुंतलेली दिसते, ही जागा कोणी बघत नाही, तुम्ही बघा. आणि समजा लहान वयाचं पिल्लू हातात येऊनच पडलंय तर गाईचं दूध पाजायच्या फंदात पडू नका, सरळ सशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या.

निघताना आणखी एक काम करा, ते आत्ता जे पेलेट्स (सशाच्या खाण्याच्या तयार गोळ्या) खातंय त्यातलेच आठवडा-दोन आठवडे पुरतील एवढे मागून घ्या, आणि त्याच्या पिंजऱ्यातलं थोडं वापरलेलं गवतसुद्धा. मागताना विचित्र वाटेल, मागा. त्या गवताला त्याच्या जुन्या जागेचा वास असतो, नव्या घरात ते ओळखीचं तेवढं एकच असतं.

जागा कशी लावायची

पिल्लू आणायच्या आधी जागा तयार पाहिजे, पिल्लू खोक्यात आणि तुम्ही जाळी जोडताय असं नको. खोली अशी बघा जिथे घरातली माणसं असतात पण सतत वर्दळ नसते, म्हणजे स्वयंपाकघर नको, टीव्हीच्या स्पीकरजवळ नको, मुख्य दाराच्या वाटेत नको. बाल्कनी तर नकोच, ऊन, वारा, पक्षी, मांजरं, सगळीच डोकेदुखी. सशाला थंडीपेक्षा उकाडा जास्त बाधतो, आपल्यासारखा घाम त्याला येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, साधारण 15 ते 21 अंश त्याला छान मानवतं आणि पारा 27-28 च्या वर गेला की त्रास सुरू होतो. गरमीच्या दिवसांत पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या जागेत ठेवायची, वाटलं तर तो टेकून बसतो. पंखा किंवा एसीचा झोत थेट अंगावर मात्र नको.

दुकानात 'सशाचा पिंजरा' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा एवढंसं असतं की त्यात ससा नीट वळूही शकत नाही. माझं मत विचाराल तर पिंजऱ्यावर पैसेच घालवू नका, कुत्र्याच्या पिल्लांसाठी जो जोडायच्या जाळ्यांचा प्लेपेन मिळतो तो घ्या (पुढे त्यालाच नुसतं पेन म्हणते), घडी होतो, आकार बदलता येतो, साफ करायला सोपा. उंची पुढचा विचार करून 90 सेंटीमीटरच्या आसपास घ्या, कारण आज जे पिल्लू गवताच्या ट्रेवरसुद्धा धडपडत चढतंय ते काही महिन्यांत जाळीवरून सहज उडी मारणार आहे. फक्त एक बघा, सळ्यांमधली फट किती आहे. पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून बहुतेक वेळा पिल्लूही जातं, किंवा मधेच अडकतं, जे जास्त वाईट. फट मोठी असली तर खालच्या भागाला बाहेरून पुठ्ठा नाहीतर बारीक जाळी बांधून टाका.

तळाला तारेची जाळी असलेला पिंजरा कधीच वापरू नका. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसती केसांची लव असते, तारेवर बसून ती झिजते आणि टाचांना जखमा होतात, त्या बऱ्या व्हायला फार वेळ लागतो. आणि गुळगुळीत फरशी पण नको, पिल्लाचे पाय फाकतात, घसरतं, मग ते चालायलाच बिचकतं आणि एकाच कोपऱ्यात बसून राहतं. जाडसर चटई, सतरंजी, जुनी चादर, काहीही चालेल, फक्त धागे कुरतडून गिळत नाहीये ना यावर लक्ष ठेवा.

लपायला साधा पुठ्ठ्याचा खोका, पण त्याला दोन दारं कापा. एकच दार असलं की आत गेलेल्या सशाला कोंडल्यासारखं वाटतं, दुसरीकडून पळता येतंय हे कळलं की तो निवांत बसतो. खोक्यावरची चिकटपट्टी आणि स्टेपलच्या पिना आधी काढून टाका. आणि हे नीट ऐका, ते खोक्यात असताना हात घालून बाहेर काढायचं नाही, कौतुकाने पण नाही, पाहुण्यांना दाखवायला तर अजिबातच नाही. ती एक जागा पूर्णपणे त्याची.

पाणी जड सिरॅमिकच्या वाटीत. बाटलीतून थेंब थेंब चाटण्यापेक्षा वाटीतून ससा जास्त पाणी पितो, आणि पाणी भरपूर पोटात गेलेलं चांगलंच. पण पिल्लाला जुन्या जागी बाटलीची सवय असेल तर सुरुवातीला दोन्ही ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस

घरी आलात की खोका किंवा कॅरियर पेनमध्ये ठेवायचा, दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. ओढून बाहेर काढू नका. काही पिल्लं पाच मिनिटांत बाहेर येतात, काही संध्याकाळपर्यंत आतच बसतात, दोन्ही ठीक. त्या दिवशी फक्त एवढं बघायचं की गवत कमी होतंय का आणि लेंड्या पडतायत का. खाणं आणि लेंड्या, पहिल्या आठवड्यात तुमचं सगळं लक्ष या दोन गोष्टींवर हवं, ते जवळ येतंय की नाही, नाव ओळखतंय की नाही हे सगळं नंतरचं.

घरातल्या लहान मुलांना आधीच सांगून ठेवा की बघायचं पण हात लावायचा नाही. मैत्रिणी, शेजारी, नातेवाईक यांची रांग आठवडाभर लांबवा. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर दार बंद, पिल्लाला त्यांचा वास येतो तेवढं पुरे झालं.

ससे पहाटे आणि संध्याकाळी, संधिप्रकाशाच्या वेळी सगळ्यात जास्त जागे असतात, दुपारी झोपतात, आणि झोपतात ते पण बऱ्याचदा उघड्या डोळ्यांनी. त्यामुळे दुपारी 'हे खेळतच नाहीये' म्हणून ढोसू नका. संध्याकाळी पेनमध्ये किंवा पेनजवळ जमिनीवर बसा, खुर्चीवर नाही, जमिनीवर. मोबाईल बघा, पुस्तक वाचा, हळू आवाजात कोणाशी तरी बोला, पिल्लाकडे एकटक बघत बसू नका कारण रोखून बघतो तो शिकारी. थोड्या वेळाने ते पुढे येणार, म्हणजे पुढचं अर्धं अंग पुढे येणार आणि मागचे पाय जागेवरच, अंग लांबच लांब ताणलेलं, जरा काही हललं की मागे पळता यावं म्हणून. मग तुमच्या पायाचं बोट हुंगेल, पॅंटचं टोक जरासं चावून बघेल आणि परत पळेल. हलू नका. दुसऱ्यांदा येईल तेव्हा जास्त वेळ थांबेल.

हात लावायची वेळ आली की नाकासमोरून हात नेऊ नका. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ चहूबाजूचं दिसतं, पण बरोब्बर नाकासमोरचं आणि हनुवटीखालचं दिसत नाही. म्हणजे तुम्ही प्रेमाने नाकाजवळ बोट नेलंत तर त्याच्या दृष्टीने ते बोट अचानक कुठून तरी उगवलेलं असतं. बाजूने, खालच्या पातळीवरून हात न्या आणि कपाळावर, दोन डोळ्यांच्या मधे बोटाने हलकेच फिरवा, मग कानांच्या मागे. हे बहुतेक सशांना आवडतं. हनुवटी, पोट, पाय, शेपटी यांना सुरुवातीला हात नको.

उचलणं

गरज असेल तेव्हाच उचला. सशाचे मागचे पाय प्रचंड ताकदवान आणि हाडं मात्र हलकी, हवेत लटकलेल्या अवस्थेत त्याने जोरात लाथ झाडली तर स्वतःच्या पाठीचा कणा स्वतःच मोडून घेऊ शकतो, हे मी घाबरवायला सांगत नाहीये, खरंच होतं. त्यामुळे एक हात छातीखाली, दुसरा हात ढुंगणाखाली, आणि लगेच आपल्या अंगाशी घट्ट टेकवायचं, चारही पायांना आधार जाणवला पाहिजे. शिकेपर्यंत हे सगळं जमिनीवर बसूनच करा म्हणजे निसटलं तरी वीतभर उंचीवरून पडेल. कान धरून उचलणं हे चित्रात ठीक, खऱ्या सशाला ते भयंकर दुखतं. मानेचं कातडं धरून लटकवणं पण नको.

ते पाठीवर उताणं करून 'बघा कसं झोपलं' असे व्हिडिओ सगळीकडे फिरतात ना, तो ससा झोपलेला नसतो. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं पडून राहायची ती प्रतिक्रिया आहे, आतून त्याची गाळण उडालेली असते. मजा म्हणून कधी करू नका.

खाणं, इथेच सगळी गडबड होते

सशाचं मुख्य अन्न सुकं गवत, गाजर नाही. चोवीस तास समोर भरपूर गवत पाहिजे, साधारण त्याच्याच आकाराचा ढीग रोज. याची कारणं दोन. एक तर सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे दात आठवड्याला साधारण 2-3 मिलिमीटर, आणि गवत चघळून चघळूनच ते झिजतात, मागच्या दाढांना तर दुसरा काही उपायच नाही. दुसरं म्हणजे त्याचं आतडं सतत काहीतरी पुढे ढकलत राहण्यासाठी बनलंय, तंतुमय अन्न कमी पडलं की ते मंदावतं, मंदावलं की आत गॅस धरतो, गॅसने दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. सशांचे जीव या चक्रात जातात.

वाढत्या पिल्लाला साधारण सहा महिन्यांपर्यंत लसूणघास म्हणजे अल्फाल्फा चालतो, त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त असतं. पण बरोबरीने टिमोथी किंवा तसलं दुसरं गवतही देत राहा, कारण मोठं झाल्यावर रोज तेच खायचंय, आणि फक्त लसूणघासाची चटक लागलेला ससा साध्या गवताकडे ढुंकून बघत नाही. गवत हिरवट, सुवासिक, धूळ नसलेलं हवं, बुरशीचा वास आला तर सरळ फेका.

पेलेट्स जे आधी खात होतं तेच. बदलायचेच असतील तर पिल्लू रुळल्यावर, आठवडा-दहा दिवसांत हळूहळू, जुन्यात थोडे थोडे नवे मिसळत. घेताना एकसारख्या दिसणाऱ्या साध्या गोळ्या घ्या. रंगीबेरंगी तुकडे, बिया, मक्याचे दाणे असलेलं मिक्स दिसायला छान असतं पण ससा त्यातलं गोड गोड वेचून खातो आणि कामाचं ते तसंच ठेवतो.

हिरव्या भाज्यांची घाई नको. पिल्लाने आधी कधी हिरवं खाल्लेलं नसेल तर 12 आठवड्यांपर्यंत थांबलेलं बरं, मग एका वेळी एकच भाजी, कोथिंबिरीची एखादी काडी, एवढंच. दुसऱ्या दिवशी लेंड्या नीट असतील तर पुढे. अशी एक एक भाजी वाढवत न्या. गाजराचा कंद आणि फळं म्हणजे त्याच्यासाठी मिठाई, मोठा झाल्यावर नखाएवढा तुकडा कधीतरी, गाजराचा पाला मात्र छान. कांदा, लसूण, बटाटा, अवोकॅडो, चॉकलेट, पाव, बिस्किटं यातलं काही म्हणजे काही नाही. 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतं, त्यांच्याशी गोडीत पण ठाम बोलून घ्या.

लेंड्या बघायची सवय लावा

किळस वाटत असेल तर ससा पाळणं जरा अवघड जाईल, कारण त्याच्या तब्येतीची खरी खबर तिथूनच मिळते. नेहमीच्या लेंड्या गोल, कोरड्या, चुरल्या तर आत नुसता गवताचा भुसा. पिल्लाच्या बारीक असतात, वयाबरोबर मोठ्या होतात. एकाएकी छोट्या, वेड्यावाकड्या, केसांच्या धाग्यात ओवल्यासारख्या यायला लागल्या की गवत-पाणी कमी पडतंय किंवा केस जास्त पोटात जातायत.

दुसरा प्रकार वेगळा, मऊ, काळपट, चकचकीत, बारीक गोळ्यांचा चिकटलेला घोस आणि वास उग्र. या सशाच्या मोठ्या आतड्यातल्या कप्प्यात आंबून तयार होतात आणि तो त्या थेट बुडाला तोंड लावूनच खातो. नवीन लोक हे बघून हादरतात आणि त्याला अडवायला जातात. अडवू नका, त्यात जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात, त्या खाल्ल्या नाहीत तर त्याचं पोषण अर्धवट राहतं. त्या न खाता सारख्या जमिनीवर पडलेल्या दिसायला लागल्या तर बहुधा पेलेट्स किंवा गोड जास्त होतंय.

आणि पातळ पाण्यासारखं काही दिसलं तर मात्र वाट बघत बसू नका, पिल्लू असेल तर त्याच तासाला डॉक्टर. तसंच सशाने 10-12 तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंडीच टाकली नाही, पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसलाय, जोराने दात करकरतोय, कान गार पडलेत, तोंडाने श्वास घेतोय, यातलं काहीही म्हणजे इमर्जन्सी. पिल्लाच्या बाबतीत तर 10-12 तास पण थांबू नका. 'उद्या सकाळी बघू' हे सशाला परवडत नाही.

लघवीचं मात्र उलट, तिचा रंग बघून लोक उगाच घाबरतात. पिवळी, नारिंगी, कधी लालसर विटकरीसुद्धा होते, झाडपाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे, आणि थोडी पांढरट गढूळ पण असते कारण जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटेच बाहेर पडतं. कुंथतोय, थेंब थेंब होतंय, किंवा लाल रंग दिवसेंदिवस जातच नाहीये, तर दाखवा.

डॉक्टर आधी शोधा, मग पिल्लू आणा

कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर सशाच्या बाबतीत चांगले असतीलच असं नाही. फोन करून सरळ विचारा, ससे बघता का, सशाची नसबंदी करता का. एक सोपी कसोटी पण आहे, 'ऑपरेशनच्या आधी रात्रभर उपाशी ठेवा' असं सशासाठी कोणी सांगितलं तर दुसरे डॉक्टर शोधा, कारण सशाला उलटी होऊच शकत नाही, त्यामुळे तसं उपाशी ठेवायचं कारण नाही आणि रिकामं पोट त्याला उलट धोक्याचं. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलीन हे अँटिबायोटिक सशाच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारून टाकतं, जीव जाऊ शकतो, आणि कुत्र्यांच्या पिसवांवरचं फिप्रोनिल पण सशाला घातक. म्हणून घरात पडलेलं कुठलंच औषध आपल्या मनाने द्यायचं नाही.

पिल्लू थोडं स्थिरावलं की एकदा तपासून आणा, दात, कानातले किडे, लेंड्यांची तपासणी (पिल्लांमध्ये कॉक्सिडिया नावाचे परजीवी खूप सापडतात), आणि तुमच्याकडे सशांच्या लसी मिळत असतील तर त्या कधी द्यायच्या ते विचारून घ्या. घरी आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाडग्यात बसवून वजन लिहून ठेवा. पिल्लाचं वजन वाढतच गेलं पाहिजे, थांबलं किंवा उतरलं तर डोळ्यांनी काही दिसायच्या आत काटा सांगतो.

ट्रेची सवय

याचं लोकांना उगाच टेन्शन असतं, खरं तर शी-शूसाठी ससा स्वतःच एक कोपरा ठरवतो, आपण फक्त ट्रे तिथे सरकवायचा. ससे खाता खाता लेंड्या टाकतात, त्यामुळे गवत ट्रेच्या एका टोकाला किंवा ट्रेला लागूनच ठेवा, निम्मं काम तिथेच झालं. ट्रेमध्ये कागदाचं लिटर (म्हणजे लघवी शोषून घेणारा थर), वरती गवत. मांजराचं गोळे होणारं लिटर नको, ते पोटात गेलं तर आत फुगून अडकतं, आणि पाईन-सीडरचा वास येणारा लाकडाचा भुसा पण नको. बाहेर पडलेल्या लेंड्या गोळा करून ट्रेत टाका, लघवी टिश्यूने टिपून तो टिश्यू पण ट्रेत ठेवा, वासावरून त्याला कळतं. रागावून काही उपयोग नाही, त्याला तुमची भीती बसेल, बाकी काही नाही. वयात आल्यावर हा सगळा अभ्यास काही दिवस विसरला जातो, नसबंदीनंतर बहुतेकदा परत जागेवर येतो.

पेनच्या बाहेर सोडताना

आधी वायरी. ससा वायर का तोडतो यावर विचार करत बसू नका, जमिनीखालच्या बिळात आडवी आलेली मुळं कापत जायचा त्याचा स्वभाव आहे आणि चार्जरची केबल त्याला तशीच दिसते, एका चाव्यात साफ. वायरी उचलून भिंतीवर घ्या, जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पाईपमध्ये घाला. फ्रीजच्या मागची जागा, सोफ्याच्या खालचं फाटलेलं कापड, कपाटामागची फट, सगळं बंद करा, एकदा पिल्लू आत शिरलं की कपाट हलवायला माणसं बोलवावी लागतात. घरातली शोभेची झाडं वर न्या, लिली, डिफेनबेकिया, मनी प्लांट वगैरे बरीचशी त्याला बाधतात.

पहिल्याच दिवशी अख्खं घर देऊ नका. आधी पेन, मग पेनला लागून थोडी जागा, मग खोली. जागा एकदम मोठी झाली की पिल्लू बावरतं आणि ट्रे पण विसरतं.

त्याची भाषा समजायला लागली की मजा येते. हवेत उडी मारून मधेच अंग पिळवटणं म्हणजे बिंकी, भयंकर खूश. धप्पकन एका कुशीवर कोसळणं म्हणजे पूर्ण निश्चिंत (पहिल्यांदा बघाल तेव्हा तुमच्याच काळजाचा ठोका चुकेल). मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटणं म्हणजे धोका किंवा राग, रात्री दोन वाजता पण करतो, कारण त्याला काहीतरी ऐकू आलेलं असतं जे तुम्हाला आलेलं नसतं. हनुवटी घासणं म्हणजे ही वस्तू माझी. नाकाने ढुशी म्हणजे लाड कर किंवा बाजूला हो, दोन्ही. कुरवाळताना अगदी बारीक दात वाजले तर सुख, जोराने करकरले तर दुखणं.

तीन-चार महिन्यांनी

गोंडस पिल्लू एकाएकी पायांभोवती गोल गोल फिरायला लागतं, लघवीच्या पिचकाऱ्या मारतं, हात घातला की गुरगुरतं. बिघडलं नाहीये, वयात आलंय. नसबंदी नराची साधारण साडेतीन ते पाच महिन्यांत आणि मादीची चार ते सहा महिन्यांत करतात, नेमकं कधी ते डॉक्टर वजन-तब्येत बघून ठरवतील. मादीची तर कराच, न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर खूप जास्त दिसतो, आणि घरातला ससा 8 ते 12 वर्षं जगतो म्हणजे तिला त्या वयापर्यंत पोचायचंय.

दोन ससे ठेवायचा विचार चांगलाच आहे, एकट्या सशाला करमत नाही. पण लहान पिल्लांचं नर-मादी ओळखण्यात अनुभवी लोकांची पण चूक होते, 'दोघी बहिणी आहेत' म्हणून दिलेल्या जोडीतली एक बहीण काही आठवड्यांनी भाऊ निघते, आणि सशांना भाऊ-बहीण वगैरे काही नसतं. गर्भारपण अवघं 30-31 दिवसांचं, आणि व्यायल्यावर त्याच दिवशी मादी परत गाभण राहू शकते. म्हणून 10 आठवड्यांच्या आसपास दोघांची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, शंका असली तर लगेच वेगळं करा. नराची नसबंदी झाली तरी त्यानंतर चार ते सहा आठवडे त्याच्याकडून पिल्लं होऊ शकतात, तेवढे दिवस दोघांचे पेन शेजारी शेजारी लावा, मधे बोटभर अंतर सोडून दोन जाळ्या, एकमेकांना दिसतील, वास येईल, पण जाळीतून चावाचावी होणार नाही.